दारात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण

परवा रात्री आमचा वाघ्या गेला. सकाळी दारात साखळी होती, तुटलेला पट्टा होता, कुत्रं नव्हतं. गावात लगेच सुरू झालं, पिंजरा लावा, बिबट्या मारा. खरं सांगू? मला राग माझाच आला. साखळीला बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही. आपण त्याला राखणदार म्हणतो, बिबट्यासाठी ते वाढून ठेवलेलं ताट असतं.

आष्टी तालुक्याला बिबट्या म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरुडी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी इथं माणसं गेली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याला गोळी घातली आणि आपण निवांत झोपलो. बिबट्या गेला, पण त्याला गावात आणणारं खाणं तसंच उघड्यावर राहिलं.

शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ साली त्यांचा अभ्यास छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं कुत्री ३९ टक्के, मांजरं १५ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के! तिथं शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही. कारण साधं आहे. शेळीमागं दिवसा माणूस असतो, रात्री ती कोंडलेली असते. कुत्र्या-मांजराला दार कोण लावतंय?

“कुत्रं कोंडलं तर राखण कोण करणार?” अहो, कुत्रं आतूनही भुंकतं की!

आता आपल्या बीडचं बघा. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन घरंच्या घरं कारखान्यावर जातात. मागं म्हातारी, नातवंडं, दोन शेळ्या आणि दारातलं कुत्रं. त्या कुत्र्यासाठी आलेला बिबट्या ओसरीवर झोपलेल्या म्हातारीपासून दहा पावलांवर असतो. प्रश्न नुसता कुत्र्याचा नाही, मंडळी.

आणि सरकार? २०२२ च्या निर्णयानुसार शेळी मेली की बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यात कमी असेल ते. मेल्यावर पैसे आहेत, मग मरण्याआधी जाळीला का नाहीत? शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत शेळ्यांचं शेड बसतं. बिबट्याच्या गावांत त्या शेडला चारी बाजूंनी जाळी आणि भक्कम दार द्या, कोपऱ्यात कुत्र्याची जागा ठेवा. कोयत्यावर गेलेल्यांच्या घरांना पहिला नंबर द्या. ग्रामसभेत हा ठराव घ्यायला कुणी अडवलंय?

तोवर सरकारची वाट बघू नका. मी जुने पत्रे आणि विकतची जाळी आणून खोपटं केलंय, वरूनही बंद. एका दिवसाचं काम. वाघ्या असताना केलं असतं तर?

पोस्ट शेअर करा, नका करू. आज अंधार पडायच्या आत कुत्रं, मांजर, कोंबड्या आत घ्या आणि कडी लावा.