तांबड्यापलीकडून हिरवें

शाळेंत असतांना मी एक नियम मुलांना बिनदिक्कत सांगत आलों : पदार्थानें प्रकाश गिळून पुन्हां बाहेर टाकला, तर तो पहिल्यापेक्षां तांबड्याकडेच झुकलेला असावयाचा. स्टोक्स या पंडितानें १८५२ सालीं हें मांडलें आणि फ्लोरस्पार या खनिजावरूनच त्या चमकेचें नामकरण केलें. हें खनिज आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत डोंगरगांव येथेंही सांपडतें. सेवानिवृत्तीनंतर माझ्या नातीनें तो नियम माझ्यादेखत मोडून दाखविला.

ती संशोधनाचें काम करते. तिच्या प्रयोगशाळेंत गेलों तेव्हां तिनें आधीं माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढविला. समोरच्या कुपींत पांढुरकें पाणी. दिवा लावला म्हणाली, पण मला तो दिसेना. पाण्यांत मात्र लख्ख हिरवी रेघ उमटली!

"आजोबा, हा किरण तांबड्याच्या पलीकडचा. दिसत नाहीं, म्हणून पापणी मिटत नाहीं आणि डोळा जातो."

चष्म्याचें कारण कळलें.

पाण्यांतले कण म्हणजे सोडियम, यिट्रियम व फ्लोरिन यांचे स्फटिक. त्यांत यिटर्बियम व एर्बियम यांचा अंश. यिटर्बियम अदृश्य किरण झेलून एर्बियमच्या पदरांत टाकतें. असे दोन वेळां पडले कीं एर्बियम हिरवा किरण सोडतें. ९८० नॅनोमीटरचे दोन द्यावे, तेव्हां सुमारें ५४० चा एक मिळतो. ऊर्जा वाढत नाहीं. उलट थोडी उष्णतेंत जाते. फ्रान्समधील ओझेल यांनीं १९६६ सालीं ही देवघेव उलगडली. स्टोक्सचा नियम खोटा नव्हे. पण जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्यानें उत्सर्गामागें अपवाद असतो हें विसरावयास नको होतें.

मग फ्लोराइडच कां? पहिल्या किरणाची ऊर्जा दुसरा येईपर्यंत टिकली पाहिजे. सामान्य कांचेंत अणूंचीं कंपनें तिचा फडशा पाडतात. या स्फटिकांतील कंपनांची ऊर्जा त्यांच्या सुमारें एक तृतीयांशच असते. तरीही कणाच्या पृष्ठभागावरचें पाणी बरीच ऊर्जा चोरतें. म्हणून पुरणावर कणीक लपेटावी तसें, बाहेरून त्याच जातीच्या पण निर्भेळ स्फटिकाचें आवरण वाढवितात. अणूंची रचना षट्कोनी साधली तर तेज आणखी वाढतें. असा अदृश्य किरण दृश्य प्रकाशापेक्षां मांसांत खोलवर जातो, म्हणून शरीराच्या आंतलें पाहण्यासाठींही या कणांवर प्रयोग चालले आहेत.

एकसंध मोठा स्फटिक करणें निराळेंच कठीण. कॅल्शियम फ्लोराइड १४०० अंशांच्या वर वितळतें. ओलाव्याचा लेश राहिला तरी ऑक्सिजन शिरतो आणि स्फटिक दुधाळ होतो. यास्तव निर्वात भट्टींत, शिशाचें फ्लोराइड किंचित् घालून, मूस तासाला कांहीं मिलिमीटर इतक्या संथपणें थंड भागांत उतरवितात.

हें ऐकून धाकट्या नातवानें घरींच भट्टी पेटविण्याचा बेत केला! फ्लोराइड तापतांना ओलावा लागला तर निघणारें हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडींतून हाडापर्यंत पोंचतें. तेव्हां त्याच्या हातीं मीं तुरटी दिली. तीन आठवडे सूनबाईंचें एक पातेलें अडकलें आहे. दोऱ्याला बोराएवढा खडा लोंबतो आहे, आणि सकाळीं उठल्याबरोबर पातेलें हलवून पाहण्याची चिरंजीवांची खोड अद्याप सुटलेली नाहीं.