गाडी बदल म्हणणाऱ्यांनो...

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही रागात. (रागात लिहिलेलं एक रात्र ठेवून सकाळी वाचावं म्हणतात. ठेवलं, वाचलं. राग आहे तसाच आहे.)

तर झालं असं. मागच्या रविवारी गावी गेलो होतो, मामांच्या नातवाच्या बारशाला. जेवणं उरकली, ओसरीवर पानाचा डबा आला आणि विषय निघाला दादाच्या पिकअपचा. मामा, दाजी, दोन चुलते... एरवी या चौघांचं पावसावरही एकमत होत नाही, पण इथे झालं. "ती कंपनीच बोगस रे. देऊन टाक एक्स्चेंजमध्ये, आणि त्या दुसऱ्या कंपनीची घे. सध्या बोनस चालू आहे." आणि दादा मान डोलवत होता!

वहिनी आत भांडी आवरत होती. तिला कुणी विचारलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला ही गाडी घेतली तेव्हा डाऊन पेमेंटसाठी तिच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या होत्या. दरवर्षी व्याज भरायचं आणि पुन्हा ठेवायच्या. गाडीचा शेवटचा हप्ता या वर्षी, फेब्रुवारी २०२६ मध्ये फिटला आणि मगच पाटल्या घरी आल्या. आणि ओसरीवर लगेच पुढच्या गाडीचा रंग ठरत होता. म्हणून हा सगळा उद्योग.

कंपन्यांची नावं लिहिणार नाही. पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोच्या हंगामात उभं राहिलं की महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाचा योद्धा, अशोक लेलँडचा दोस्त, आणि मधेमधे घुसणारे छोटे हत्ती, सगळे एका रांगेत दिसतात. आमची त्यातली कुठली ते घरच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांनी जाणून काही फायदा नाही. शिवाय एकाच्या नावाने बोटं मोडली की वाचणारे निम्मे नातेवाईक रुसतील. आमच्याकडे गाडीची कंपनी कुलदैवतासारखी असते. आजोबांनी जी धरली ती धरली.

आता दादाची तक्रार. ती खरी आहे, हे आधीच कबूल करतो. ऑक्टोबर २०२५, ऐन हंगाम. गाडीत टोमॅटोचे ९० क्रेट. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आधीच आठवडाभर लागत होता, त्या दिवशी दुसराही लागला आणि गाडीने जोर सोडला. ॲक्सिलेटर दाबून धरला तरी वीसच्या पुढे जाईना. समितीत पोचेपर्यंत सकाळचा लिलाव संपलेला, आणि संध्याकाळी माल गेला तो क्रेटमागे ऐंशी रुपये कमीने. त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या तीन खेपा, मिळून ३१ हजारांचं बिल आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस भाड्याची गाडी. माणूस वैतागणारच. मी पुण्यात एसीत बसून त्याला अक्कल शिकवतोय असं त्याला वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

पण बिघाड कशाचा होता? डीपीएफचा. म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली एक जाळी. धुरातली काजळी तिच्यात अडकते. जाळी भरत आली की इंजिन आपणहून थोडं जास्त डिझेल सोडतं, जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका दमात, बऱ्या वेगाने चालावी लागते. आता आमची गाडी कशी चालते? मळ्यातून बांधापर्यंत, बांधावरून दुसऱ्या मळ्यात, मग चौदा किलोमीटर खड्ड्यांतून समितीपर्यंत, आणि तिथे दोन-दोन तास रांगेत, इंजिन चालू. जाळायची वेळ आली की कुणीतरी चावी फिरवून बंद करणार. असं दहादा झालं की काजळीचा गठ्ठा बसतो. वर गल्लीतल्या मेकॅनिकने ड्रममधलं स्वस्त ऑइल टाकलेलं. या इंजिनांना कमी राखेचं ऑइल लागतं, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती जाळीतच बसून राहते.

आणि मामा, तुमचा मुद्दा इथेच कोसळतो. ही जाळी आपल्या कंपनीने हौसेने लावलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्यात धुरातल्या कणांच्या संख्येवरच मर्यादा आली आणि डिझेलला ती जाळीशिवाय पाळणं कठीण. म्हणजे तुम्ही ज्या कंपनीच्या आरत्या ओवाळताय तिच्या आजच्या गाडीतही ती आहे. जाळी इंजिनाच्या किती जवळ आहे, किती लवकर तापते, यात फरक असतो, मान्य. पण तुमची स्वतःची गाडी २०१६ ची आहे हो! तिला जाळी नाही म्हणून दिवा लागत नाही. तुमच्या जुन्या गाडीच्या अनुभवावर त्याला नवी गाडी घ्यायला लावताय. हे म्हणजे आपल्या लग्नाच्या आठवणीवर दुसऱ्याचं स्थळ ठरवण्यासारखं झालं.

(गावात एक तिसराही सल्ला फिरतो: "जाळी काढूनच टाक, कॉम्प्युटरमधून दिवा बंद करून देतो." बेकायदेशीर तर आहेच. पण गाडी रोज सकाळी ज्या शाळेसमोरून जाते, तिथे आमचीच पोरं प्रार्थनेला उभी असतात. दादाने याला स्वतःहून नाही म्हटलं. त्याबद्दल त्याला सलाम.)

आता त्या बोनसचं गणित. दादाने कोटेशनचा कागद दाखवला. नवी गाडी रस्त्यावर १० लाख ९०. आपली जुनी ४ लाख १०, अधिक एक्स्चेंज बोनस ३० हजार. मोठ्या लाल अक्षरात! खाली राहतात साडेसहा लाख, पाच वर्षांचं कर्ज, अकरा टक्के. महिना चौदा हजारांच्या वर हप्ता, आणि पाच वर्षांत नुसतं व्याज जवळपास दोन लाख. आणि वणीच्या एका व्यापाऱ्याने हीच जुनी गाडी तशीच्या तशी पावणेपाच लाखांना मागितली आहे. म्हणजे बोनस धरूनसुद्धा शोरूम आपल्याला पस्तीस हजार कमी देतंय, आणि वर पेढा.

"पण जीएसटी कमी झालाय ना," दाजी म्हणाले. झाला, बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवर २८ चा १८ टक्के झाला. पण दाजी, नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतोच. तुम्ही फक्त नव्या गाडीची पाटी वाचली. तिथल्या सेल्समनने दादाला आणखी एक घाबरवणी घातली म्हणे, "डिझेल दहा वर्षांत भंगारात जाणार." तो दहा वर्षांचा नियम दिल्लीचा आणि तिथल्या राजधानी क्षेत्राचा, २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आलेला. दिंडोरी तालुका अजून तरी राजधानी क्षेत्रात गेल्याचं ऐकिवात नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी फिटनेस लागतं, नंतर दरवर्षी. म्हणजे २०२९ पर्यंत त्याचीही घाई नाही.

मला खरा राग कंपनीचा नाही, आणि दादाचाही नाही. राग आहे तो गाडी देतानाच्या त्या तमाशाचा. २०२१ मध्ये मी होतो तिथे. हार, नारळ, पुठ्ठ्याची दोन फुटी चावी, अण्णांच्या हातात देऊन फोटो. दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लागला तर काय करायचं हे सांगायला मात्र एक माणूस पाच मिनिटं नव्हता. पुस्तक दिलं, इंग्रजीत. ते आजही डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये आहे. शेतकऱ्याला दहा लाखांची वस्तू विकता, आणि ती कशी जळते, कशी विझते हे सांगायची लाज वाटते? ओव्हरलोडबद्दलही तेच. गाडीची कागदावरची क्षमता १३०० किलो. वीस किलोचे ९० क्रेट म्हणजे १८०० किलो, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. घेताना सेल्समन डोळा मारून म्हणाला होता, "दोन टन आरामात ओढते साहेब." आम्हीही हसलो. आता तीच क्षमता तक्रार अर्जावर आमच्याच तोंडावर मारली गेली.

हे सगळं मी ओसरीवर बोललो. जरा चढ्या आवाजात बोललो, मामी बाहेर येऊन बघून गेल्या. दादा शांतपणे ऐकत होता. मग एवढंच म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे. पण आपल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकला. तिकडे न्यायची तर टो करून, दिवस मोडून. त्यांचं आता पिंपळगावात झालंय. गाडी बंद पडली की मी कुणाकडे जाऊ, तुझ्या गणिताकडे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी बदलायची तर या एका कारणासाठी बदलावी, हे मला पटलं. म्हटलं, दादा, मग आधी तिथे जाऊन बस. शोरूममध्ये नको, मागे वर्कशॉपमध्ये. उभ्या गाड्यांचे मालक शोध, चहा पाज, विचार.

तो बुधवारी गेला. रात्री फोन आला. एक जण खूश होता, दुपारी आणलेली गाडी संध्याकाळी मिळाली म्हणाला. दुसऱ्याची चार दिवस उभी, सेन्सर पुण्याहून यायचाय. त्याच्या डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा.

"मग?" मी विचारलं.

"दसऱ्यापर्यंत बघतो," दादा म्हणाला. ऑइल बदललंय, बरोबरच्या डब्याचं. साठ क्रेटच्या वर भरायचे नाहीत असं ठरवलंय, म्हणजे हंगामात एक फेरी जास्त आणि तेवढं डिझेल जास्त, ते त्याला खुपतंय. दर रविवारी रिकामी गाडी हायवेला काढून चांदवडपर्यंत एका दमात नेतो, जाळी जळायला. अण्णा शेजारी बसतात. त्यांना आवडतं म्हणे.

मामांनी काल पुन्हा त्या बोनसचा फोटो पाठवलाय. आता ४० हजार झालाय.