कन्हानकाठी उभी राहिलेली पलटण



आपली कन्हान नदी सौंसर तालुक्यातून वाहत पुढे खापा, कामठीकडे जाते. कामठी म्हटलं की छावणी आलीच. इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेल्या या छावणीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. पण याच छावणीत आणखी एका पलटणीची मुळं आहेत, आणि ती आपल्या मुलांना क्वचितच माहीत असतात. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन कामठीत उभी राहिली. १९४६ मध्ये रेजिमेंटचं केंद्रही कामठीतच सुरू झालं. पुढे ते सागरला गेलं आणि आजही तिथेच आहे. लोधीखेड्याच्या एका अंगाला कामठी, दुसऱ्या अंगाला सागर. म्हणजे ही पलटण आपल्या शेजारचीच.

तिचा सेवा-इतिहास कागदावर १ ऑक्टोबर १९४१ ला सुरू होतो. त्या दिवशी बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. दुसरं महायुद्ध चालू होतं. काही बटालियन वायव्य सरहद्दीवर गेल्या, दुसरी बटालियन ब्रह्मदेशात आणि युद्धानंतर इराकमध्ये होती. १९४६ मध्ये संपूर्ण रेजिमेंट मशीनगनची झाली. फाळणीच्या वेळी तिचे जवान पंजाबात सीमा दलात होते, पाठोपाठ काश्मीरची लढाई आली. त्या लढाईत नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळालं.

इथवरचा इतिहास कुठल्याही पलटणीसारखाच वाटेल. पण माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. लॉग वाचताना जिथे नोंदच नाही तिथे नजर आधी थांबते, कारण बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच दडलेली असते. या पलटणीचंही तसंच आहे.

१९४१ च्या आधी महार शिपाई नव्हते का? भरपूर होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यातली बावीस नावं ‘नाक’ने संपतात. त्या काळी महारांच्या नावापुढे हा प्रत्यय लागत असे. मग १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनीच ही भरती बंद केली. काही जाती ‘लढाऊ’ आणि बाकीच्या नाहीत, अशी विचारसरणी तेव्हा फौजेत जोरात होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स तिचे मोठे पुरस्कर्ते. ज्यांचे आजे-पणजे पिढ्यानपिढ्या फौजेत होते, त्यांना एका हुकमाने ‘तुम्ही शिपाई नाही’ असं सांगण्यात आलं.

यात नुकसान फक्त पगाराचं नव्हतं. गावात ज्याला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याला छावणीत गणवेश होता, हुद्दा होता, पेन्शन होती. मुख्य म्हणजे पलटणीची शाळा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि फौजी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात झाला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच ते दार बंद झालं. ज्या दारातून एका घरात अक्षर आलं, ते दार पुढच्या घरांसाठी मिटलं.

यापुढची जवळजवळ पन्नास वर्षं अर्जांची आहेत. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी झाली. युद्ध संपलं, गरज सरली आणि १९२१ मध्ये तीही मोडली. गरज सरो आणि वैद्य मरो! शेवटी जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट जन्माला आली.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भाचे-पुतण्यांना हे सांगताना तिथलंच उदाहरण देता येईल. तिथल्या यादवी युद्धात १८६३ मध्ये उत्तरेच्या बाजूने ‘५४ वी मॅसॅच्युसेट्स’ ही कृष्णवर्णीय सैनिकांची पायदळ पलटण उभी राहिली. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत, यांना दहा, आणि त्यातून कपड्यांचे तीन कापून हातात सातच. या शिपायांनी एक पैही घ्यायचं नाकारलं. पगार नाही, पण लढत राहिले. १८६४ च्या जूनमध्ये समान पगाराचा कायदा झाला. दोन खंड, दोन शतकं, पण मागणी एकच: जीव देणार आहोत, तर माणूस म्हणून बरोबरीने मोजा.

‘पण कंपनीकडून, म्हणजे इंग्रजांकडूनच लढले ना?’ हा प्रश्न मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवा. उत्तर लपवू नये. त्या काळी पोटासाठी आणि मानासाठी अनेक जातींचे लोक कंपनीच्या फौजेत होते. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. आज तिचं ब्रीद आहे ‘यश सिद्धी’ आणि रणघोष आहे ‘बोलो हिंदुस्तान की जय’. त्यात कुठल्या जातीचं किंवा प्रांताचं नाव नाही.

मला तर या पलटणीचं सगळ्यात मोठं यश हेच वाटतं. एका समाजाला फौजेत घ्या म्हणून जी लढाई झाली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या रेजिमेंटमध्ये पुढे देशभरातले जवान आले. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटशी जोडलेले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. त्यांनी वळसा घालून उलट त्यांच्यावरच मागून चाल केली. छातीत गोळी लागली, तरी मारणाऱ्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जिथे भरतीसाठी पन्नास वर्षं अर्ज करावे लागले, त्या नावाखाली मुंबईत जन्मलेला एक तमिळ अधिकारी देशासाठी गेला.

आपल्या भागात अनेक घरांत आजोबांची जुनी पेटी असते. तिच्यात डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचा कागद, एखादं पदक नक्की पडलेलं असेल. या दिवाळीत साफसफाई करताना ती पेटी घाईने माळ्यावर टाकू नका. कागदांचे फोटो काढा, आजीला बाजूला बसवून नाव, गाव, पलटण, वर्ष लिहून घ्या. पलटणीचा इतिहास सागरच्या केंद्रात जपलेला आहे. आपल्या घराचा मात्र आपल्यालाच जपायचा आहे.

भेटू पुढच्या अंकात.