अंडी धुऊ नका, खुराडे साफ ठेवा

औंध, खटाव ते आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात अनेक घरांच्या परसात आजही चार-पाच गावरान कोंबड्या असतात. घरच्या मुलांना अंडे मिळते, उरलेली विकून घरातल्या बाईच्या हाती दोन पैसे येतात. गिऱ्हाइकाला अंडे स्वच्छ दिसावे म्हणून हल्ली ती बादलीभर गार पाण्यात धुऊन ठेवली जातात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे घालताना कोंबडीच्या शरीरातूनच त्यावर एक पातळ थर चढतो आणि ही छिद्रे झाकली जातात. धुताना, घासताना हा थर निघून जातो. त्यात पाणी अंड्यापेक्षा गार असेल, तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण पाण्याबरोबर छिद्रांतून आत ओढली जाते. या घाणीत साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. ताप, जुलाब, उलट्या हा त्याचा प्रताप. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना तो जास्त जड जातो.

मग अमेरिकेत अंडी धुतात, ते कसे? तिथे पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंश सेल्सिअसने गरम ठेवतात, नंतर अंडी निर्जंतुक करून, वाळवून थेट शीतगृहात ठेवतात. युरोपीय संघात मात्र ‘अ’ दर्जाची अंडी विकण्याआधी धुण्यास सर्वसाधारणपणे मनाईच आहे. आपल्याकडे गरम पाण्याची यंत्रणा नाही आणि विजेचाही भरवसा नाही. म्हणून आपल्याला युरोपची रीत परवडणारी.

खरी स्वच्छता खुराड्यात हवी. कोंबडी अंडे घालते तिथला भुसा किंवा पेंढा कोरडा ठेवा, वरचेवर बदला. अंडी रोज गोळा करा. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. फारच माखलेले अंडे कोमट पाण्याने धुऊन लगेच शिजवा. तडकलेले अंडे टाकून द्या. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडीही धुऊ नका. साबणाने धुवायचे ते आपले हात, अंडी हाताळल्यावर दर वेळी.

एवढे करूनही एक धोका उरतो. कोंबडीलाच संसर्ग असेल, तर जिवाणू कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरलेला असू शकतो. तो ना पुसून जातो, ना धुऊन. सातारा-सांगलीकडच्या तालमींत दुधात कच्ची अंडी फोडून पिणाऱ्या पोरांना हे सांगायलाच हवे. उकडलेल्या अंड्यातली प्रथिने कच्च्यापेक्षा जास्त पचतात. ताकद हवी असेल, तरी अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेलेच बरे.

परसातले अंडे जरा मळकट दिसले म्हणून गिऱ्हाइकानेही नाक मुरडू नये. चकचकीत धुतलेल्या अंड्यापेक्षा कोरड्या, स्वच्छ खुराड्यातले न धुतलेले अंडेच अधिक भरवशाचे.