गुडघा बदलला, पुढे काय?

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेत होते. देशाच्या पंतप्रधानांस असे उपचार मिळाले यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, मेडशीच्या शिवारात सोयाबीन आणि तुरीच्या ओळींत उकिडवी बसून उभा जन्म निंदण करणाऱ्या मजूर स्त्रीचा गुडघा झिजला, तर तिच्या वाट्याला यातले काय येते?

शस्त्रक्रिया हा आता सर्वस्वी धनिकांचा मक्ता राहिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि दीड लाखांच्या वर विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. बाजाराच्या कृपेने नव्हे, शासनाच्या हुकुमाने हे घडले. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या उपचारयादीतही ही शस्त्रक्रिया आहे. मात्र त्या योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यावरचा खर्च मिळतो तो पंधरा दिवसांचा. गुडघा पूर्ववत चालू लागण्यास मात्र महिने लागतात. सोळाव्या दिवसापासून त्या बाईने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने बव्हंशी दिलेले आहे, आणि ते खर्चिक नाही. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस शीघ्र पुनर्लाभाची पद्धती मांडली. रुग्णास आधी सर्व समजावून सांगणे, वेदना नीट आवरणे आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीच त्याला उभे करणे, हे तिचे सूत्र. गुडघा व खुबा बदललेल्या रुग्णांचा मुक्काम त्या देशात २००० साली दहा-अकरा दिवसांचा होता. २००९ पर्यंत तो चार दिवसांवर आला. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ट्रानेक्सामिक ॲसिड हे जपानच्या उताको व शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ साली पुढे आणलेले स्वस्त औषध आज या शस्त्रक्रियेत सर्रास वापरले जाते. उलट, गुडघा आपोआप हलविणाऱ्या महागड्या यंत्राचा म्हणण्यासारखा लाभ होत नाही, असे २०१४ सालच्या कॉक्रेन समीक्षेत दिसून आले.

सर्वांत बोलका प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६५ रुग्ण होते. काहींना दहा दिवस पुनर्वसन रुग्णालयात ठेवून मग घरच्या व्यायामावर सोडले. इतरांना देखरेखीखाली केवळ घरीच व्यायाम दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गट सहा मिनिटांत सारखेच, सुमारे चारशे मीटर, चालले. म्हणजे पंचतारांकित पुनर्वसनाची गरज नाही. परंतु 'घरी' याचा अर्थ 'वाऱ्यावर' असा नव्हे. व्यायाम शिकविणारा आणि देखरेख ठेवणारा माणूस त्या रुग्णांच्या पाठीशी होता. मेडशीस जे लागते ते हेच.

दुसरी गोष्ट मोजमापाची. सपाट व्हरांड्यातल्या चालण्यावरून शेतमजुराचे बरे होणे ठरत नाही. बांध ओलांडणे, जमिनीवर बसणे आणि उठणे, उकिडवे बसून शौचास जाणे, डोक्यावर भारा घेणे ही तिची परीक्षा आहे. बदललेल्या गुडघ्याला यातले बरेचसे झेपत नाही किंवा मना असते. तेव्हा कमोड, उंच बैठक आणि हलके काम यांची तरतूद हादेखील उपचाराचाच भाग ठरतो.

शस्त्रक्रिया म्हणजे रामबाण, असा प्रचारही कार्यकर्त्यांनी करू नये. पाचातील सुमारे एका रुग्णाच्या वेदना नंतरही रेंगाळतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शंभर रुग्णांच्या डॅनिश चाचणीत शस्त्रक्रियेने अधिक आराम पडला, पण गंभीर उपद्रवही अधिक झाले; आणि व्यायाम, शिक्षण व आहार यांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. म्हणजे व्यायाम शिकविणारा माणूस शस्त्रक्रियेच्या आधीही हवा आणि नंतरही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याची खरी कसोटी इमारतीत नसून तालुक्याच्या गावागावांत आहे. यास्तव मागण्या स्पष्ट असाव्यात: पंधरा दिवसांची मर्यादा किमान तीन महिन्यांवर न्यावी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाचे कायम पद भरावे, आशा सेविकांना या व्यायामांचे शिक्षण आणि त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे, बऱ्या होणाऱ्या मजुरांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई व्हावी. आणि महाविद्यालयाने आपले पहिले संशोधन निंदणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर करावे. ज्यांच्या श्रमावर जिल्हा उभा आहे, त्यांना पुन्हा उभे करण्याचे शास्त्र उपलब्ध आहे. ते मेडशीपर्यंत आणण्यास लोकांचा रेटा हवा. आणि तो उभा करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.