मीठ जाणार कुठे?

आमटी खारट झाली, तर बटाट्याच्या चार फोडी टाकून गृहिणी वेळ निभावून नेते. पण नदीच खारट होऊ लागली तर?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डोलोरेस नदी पॅराडॉक्स नावाचे खोरे आडवे ओलांडते. तेथे समुद्राहून सुमारे आठपट खारट पाणी जमिनीखालून नदीत झिरपते. पुढे ही नदी कोलोरॅडो नदीला मिळते. तिच्या पाण्यावर सुमारे 4 कोटी माणसे आणि थेट मेक्सिकोपर्यंतची शेती अवलंबून आहे.

तेथील इंजिनिअरांनी नदीकाठी विहिरी घेऊन हे पाणी आधीच उपसायला सुरुवात केली. 1996 पासून ते जवळजवळ पाच किलोमीटर खोल बोअरमधून खडकात दाबून सोडले जाऊ लागले. वर्षाला सुमारे 95 हजार टन मीठ नदीबाहेर राहिले. पण खाली दाब वाढला, जमीन हादरू लागली. मार्च 2019 मध्ये 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काम थांबले.

मग तीन पर्याय पुढे आले. पहिला, दुसरीकडे नवा बोअर. पण दाबाचा प्रश्न तेथेही होताच. दुसरा, गोव्याच्या मिठागरांसारखी तळी करून पाणी उन्हात आटवणे. त्याला शेकडो एकर जमीन हवी. शिवाय या पाण्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो आणि तळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या जिवाला धोका. तिसरा, यंत्राने पाणी उकळून मीठ वेगळे काढणे. त्याला ऊर्जा अफाट लागते, आणि मिठाचे ढीग पुरायचे कुठे?

2020 मध्ये सरकारने यांतला एकही पर्याय स्वीकारला नाही. 2022 मध्ये जुन्याच बोअरमध्ये कमी वेगाने पुन्हा चाचणी सुरू झाली.

वाचकहो, आपल्या कृष्णाकाठची क्षारपड जमीन, कन्नडमधली ‘सवळु’, वेगळ्या कारणाने होते: पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव. चर काढले, पाइप पुरले की शेत सुधारते; पण धुतलेले मीठ ओढ्यातून पुढे जातेच.

‘उप्पु तिंदव नीरु कुडियलेबेकु’, मीठ खाल्ले त्याने पाणी प्यायलाच हवे, असे आपल्याकडे म्हणतात. येथे मात्र मीठ एकाचे आणि तहान खालच्या गावाची. म्हणून निचऱ्याची योजना गावात आली, की खर्चाआधी एवढे जरूर विचारावे: हे मीठ जाणार कुठे?