अंतर बांधापासून मोजा

‘मुंबई आता तासाभरावर आली’ असे पारावर आणि बाजार समितीत ऐकू येते. बोलण्याला आधार आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. जिल्ह्याच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या तासाचा हिशेब आपण आपल्या पद्धतीने मांडला पाहिजे.

सोलापूर ते मुंबई अंतर हवेतून सुमारे ३५५ किलोमीटर, रस्त्याने सुमारे ४०० आणि रेल्वेने ४५५. विमान हवेत तासभरच असते, हे खरे. मात्र तास-दीड तास आधी विमानतळावर हजर राहायचे, मुंबईत उतरल्यावर शहरातल्या गर्दीतून कामाचे ठिकाण गाठायचे. घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंत चार-साडेचार तास सहज जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी सुमारे साडेसहा तास घेते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या माणसाचा यात थोडाफार वेळ वाचेल. करमाळ्याच्या माणसाने मात्र मुंबईसाठी शंभरावर किलोमीटर उलटं सोलापूरला यायचं कशाला? त्याला जेऊर, कुर्डुवाडीचं स्टेशनच बरं.

हे झालं माणसाचं. मालाचं काय? ‘साहेब, आता आपलं डाळिंब विमानानं जाणार का?’ असा प्रश्न शेतकरी विचारतात. सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या विमानात प्रवाशांचे सामान भरल्यावर ट्रकभर माल मावत नाही. आणि डाळिंबाला एवढी घाईही नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सहभागाने झालेल्या चाचणीत योग्य थंडाव्यात फळाची टिकवण ६० दिवसांपर्यंत वाढवता आली. पुढे सुमारे १४ टन भगवा जहाजाने निघाला आणि पाच आठवड्यांत, मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेत पोचला.

फळाची खरी घाई असते ती तोडणीपासून शीतगृहापर्यंत. तोडलेला माल दुपारभर उन्हात पडला, की पुढे विमान असो वा जहाज, टिकवण घटलीच. म्हणून तोडणी सकाळी गारव्यात करा, क्रेट सावलीत ठेवा, गाडी आधी ठरवून मगच कात्री हातात घ्या.

आणि गाडी बांधापर्यंत यायला वाट हवी! पावसाळ्यात पाणंदीत टेम्पो रुतला, की दोन किलोमीटरला तीन तास लागतात. आहे तो रस्ता कुणी अडवला असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करा. शेताला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती, की असे अर्ज टेबलावर पडू देऊ नका. जागेची पाहणी, पंचनामा वेळेत करा.

विमाने वाढोत, त्यात वाद नाही. मात्र येत्या ग्रामसभेत मुंबईच्या तासाबरोबर आपल्या पाणंदीचे तासही मोजा. ते कमी करणे गावाच्याच हातात आहे.